चिंचखोरीच्या साकवाची फळी

चिंचखोरीच्या ओढ्यावरच्या साकवाची मधली एक फळी मोडली, ही घटना प्रशासकीयदृष्ट्या अत्यंत गंभीर होती. साकव लाकडी होता आणि सरकारी होता. अलीकडे गाव, पलीकडे दवाखाना आणि त्यात नर्सबाई. गावात सुतार होता, बाभळी होत्या, दुकानात खिळे होते, आणि पलटणीत असताना नद्यांवर पूल टाकून आलेले निम्मे बाप्ये चावडीच्या कट्ट्यावर विड्या ओढत बसले होते. म्हणजे फळी बसवायला लागतं ते सगळं होतं, फक्त परवानगी नव्हती. सरकारी वस्तू मोडली तर कुणी विचारत नाही, जोडली की चौकशी लागते, एवढं नागरिकशास्त्र गावाला पाठ होतं.

म्हणून अर्ज करायचं ठरलं आणि ते काम ओघानंच हवालदार नाथाजींकडं आलं. नाथाजी पलटणीच्या भांडारात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. येताना त्यांनी एक ट्रंक, एक कांबळं आणि एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला होता. अर्ज इंग्रजीतच हवा, असं त्यांचं ठाम मत होतं. मराठी अर्ज कचेरीला कळतो, आणि जे कळतं त्याची कचेरी किंमत ठेवत नाही.

पहिल्या अर्जात त्यांनी ‘रिपेअर’ मागितलं. कचेरीतले ओव्हरसियर अण्णाप्पा हा सांगलीकडचा मोठा सभ्य माणूस. त्यांनी नाथाजींना खुर्ची दिली, चहा दिला आणि अर्ज परत दिला. रिपेअर म्हणजे किरकोळ काम, आणि किरकोळ कामासाठी कचेरीत साहेबच नेमलेला नाही, असं त्यांनी हळहळत सांगितलं. शब्द जरा वजनदार घ्या, म्हणाले.

नाथाजींनी शब्दकोश उघडला आणि ‘रिनोव्हेट’ लिहिलं. तो शब्द इमारतींसाठी असल्यानं साकवाचा गिलावा कुठंकुठं पडला आहे ते कळवावं, असं उत्तर आलं. मग त्यांनी ‘रिमॉडेल’ लिहिलं, तर मूळ नकाशा मागवण्यात आला. साकव नजरेच्या अंदाजानं बांधलेला होता आणि ती नजर केव्हाच मिटली होती. ‘रिस्टोअर’वर कचेरीनं विचारलं, की या साकवावरून पूर्वी कोणी राजा गेल्याचं ऐकिवात आहे काय? असा राजा आठवायला गाव एका पायावर तयार होतं, पण कुठला राजा यावर भावकीत एकमत होईना. तेवढ्या काळात माणसं मोडक्या फळीवरून उड्या मारत राहिली आणि म्हाताऱ्या बसून सरकत राहिल्या. नाथाजींचा रुबाब मात्र वाढला. एवढी क्रियापदं तालुक्यात दुसऱ्या कुणी वापरली नव्हती.

शेवटी अण्णाप्पांनी त्यांना बाजूला घेतलं. वरून नवी योजना आली होती. ‘रिकन्स्ट्रक्ट’ लिहा, हातोहात मंजूर होईल, असं ते म्हणाले. अडचण एकच होती.

“पुन्हा बांधायचा म्हणजे आधी तो नसला पाहिजे, हवालदार. उभ्या साकवाला मंजुरी कशी देणार?”

नाथाजींना हे तंतोतंत पटलं. घरी त्यांची लेक मनुबाई पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. त्यांची बायको साळूबाई चुलीपुढून उठून आली.

“आवं, लेक अवघडलीया. पान्याचा काय भरवसा न्हाई. एक फळी ठोका आन् मोकळं व्हा की.”

“आता फळी ठोकली तर रिकन्स्ट्रक्ट जातंय हातातनं,” नाथाजी म्हणाले. “तुला त्यातलं कळायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कट्ट्यावरच्या पेन्शनरांना ओळीत उभं केलं. हुकूम मिळताच पलटण कामाला लागली. दोन वर्षं ज्यांना एक खिळा मारायला सवड झाली नव्हती, त्यांनी अख्खा साकव न्याहारीच्या आत उतरवला. काम इतकं सुबक झालं की नाथाजींना भरून आलं. फळ्या कुणाच्या गोठ्याला लागल्या, कुणाच्या न्हाणीला.

अर्ज गेला, पण मंजुरी यायच्या आधी ओढ्याला पाणी आलं, आणि भर दुपारी मनुबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण भामाबाई बघून म्हणाली, मूल आडवं हाय, माझ्या हातचं न्हाई, नर्सबाईकडं न्या. नाथाजी ओढ्याकाठी आले आणि समोर गढूळ पाणी बघितलं. त्या क्षणी त्यांना एकही क्रियापद आठवेना. शेवटी त्यांच्याच गुऱ्हाळावरची गूळ आटवायची काहील आणली. लेकीला आणि साळूबाईला तिच्यात बसवलं, आकाराम सुतार आणि गुऱ्हाळावरचा गडी गुंडा पोहत काहील ढकलत निघाले आणि नाथाजी तिची कड धरून गटांगळ्या खात पलीकडं लागले. नर्सबाईंनी बाळंतीण सोडवली. नातू रडला तसे नाथाजीही ओक्साबोक्शी रडले.

रडून झाल्यावर त्यांना संताप आला आणि संतापात त्यांनी कचेरीला लिहिलं, की तुमच्यामुळं गुळाची काहील होडीत ‘कन्व्हर्ट’ करायची पाळी आमच्यावर आली. या अर्जावर मात्र आठवड्यात जीप आली. साहेबांनी काहिलीची पाहणी केली आणि अत्यंत समाधान व्यक्त केलं. पर्यायी जलवाहतूक सुरू झालेली असल्यानं साकवाची गरज उरत नाही, असा निष्कर्ष निघाला. काहील सरकारजमा झाली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर पडला. नाथाजींचा हार घालून सत्कार झाला. त्यांचं क्रियापद पहिल्यांदाच जसंच्या तसं मंजूर झालं होतं, त्यामुळं काहील गेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

बाळाला सुई टोचायला पलीकडं न्यायचा दिवस आला. मनुबाई बाळ घेऊन काहिलीत बसली, तोच तळातून पाणी यायला लागलं. करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं.

“पत्र्याचा तुकडा ठोकतो, हवालदार,” आकाराम म्हणाला. “पान खाऊन होईस्तवर हुतंय.”

नाथाजींनी काहिलीवरचा पांढरा नंबर बघितला, मग लेकीच्या मांडीवरचा नातू बघितला.

“हात लावू नगंस,” ते म्हणाले. “आता सरकारी हाय. मने, उतर खाली. मी अर्ज लिवतो.”

मनुबाई उतरली. साळूबाईनं नवऱ्याकडं अशी नजर टाकली की शब्दकोशात तिला शब्द नाही. बाळाची सुई राहिली आणि नाथाजी योग्य क्रियापद शोधायला घरी गेले.

खेडवळ माणसं, चालायचंच, असं आपणांस वाटलं असेल. आपलं हसून झालं असेल तर एवढंच विचारायचं होतं, की आपल्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी कित्येक महिने फुटलेली आहे. मघाशी ती ओलांडताना आपण धोतर, साडी किंवा पँट मोठ्या सफाईनं वर उचललीत. शाळा सुटल्यावर पोरं संध्याकाळी तिथंच खेळतात. आपण अर्ज कोणत्या शब्दानं करणार आहात?