दानिएलरावांची एंट्री

"माझी एंट्री झाली की शिरूरच्या त्या हॉलात एक डोळा कोरडा राहणार नाही! लिहून ठेव!" दानिएल उजागरे दौंडहून निघताना बायकोला म्हणाले.

"बरं," हन्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समध्ये दोन रुमाल जास्तीचे टाकले.

दानिएलरावांचं दौंड स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान होतं. पण ते आपलं नावाला. खरा माणूस दिसायचा तो रविवारी, चर्चच्या क्वायरमध्ये. आवाज असा खर्जातला, की त्यांनी 'आमेन' म्हटलं की मागच्या बाकावर डुलक्या घेणारे दचकून उठायचे आणि मालगाडी आली का म्हणून खिडकीबाहेर बघायचे. असला गळा चष्मे विकण्यात वाया चाललाय हे दानिएलरावांना कधीपासून ठाऊक होतं. जगाला कळायचं तेवढं बाकी होतं!

आणि संधी चालून आली. सत्यजीत नावाचा एक दाढीवाला दिग्दर्शक पुण्यात नाटकाचा कोर्स करून आला होता. त्यानं एक जुना इटालियन ऑपेरा मराठीत आणला. ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणंच. पाणी मागायचं तरी गाऊन मागायचं! गोष्ट तशी साधी. बंदरावरची एक गरीब मुलगी जहाजाच्या कप्तानावर जीव लावते. तो तिला ओळखसुद्धा दाखवत नाही. ती विष घेते. मग त्याला पश्चात्ताप होतो, तो धावत येतो, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, आणखी बराच वेळ गाऊन, ती प्राण सोडते. सत्यजीतनं बंदराचं दौंड जंक्शन केलं, कप्तानाचा रेल्वेचा लोको पायलट केला, आणि ते काम दानिएलरावांना दिलं. इथवर ठीक होतं. पण त्याच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता.

"सर, स्टेजवर फक्त नायिका. तुम्ही प्रेक्षकांत बसायचं! साध्या कपड्यात. मेकअप नाही, काही नाही. ती तिथून गाऊन विचारणार, तुम्ही खुर्चीतून उठून गाऊन उत्तर देणार. नट आणि प्रेक्षक यांच्यातली भिंतच पाडायची!"

"पाडू की!" दानिएलराव म्हणाले. त्यांना भिंतीशी देणंघेणं नव्हतं. गायला मिळतंय ना?

"पण उठेपर्यंत तुम्ही नट आहात हे कुणाला कळता कामा नये. शेजारच्यालासुद्धा!"

दानिएलरावांनी शब्द दिला.

तर प्रयोगाच्या संध्याकाळी दानिएलराव हॉलच्या मधोमध इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. हन्नाबाई मागं बायकांत. गाडी सुटायच्या आधी प्रवाशाची व्हावी तशी दानिएलरावांची घालमेल चाललेली. तोंडात खडीसाखर, डोक्यात ओळी, आणि दोन्ही पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखे हलत होते.

"पाव्हणं, पाय हलवू नका. माझी खुर्ची हालतीया," शेजारची बाई म्हणाली. ह्या वच्छलाबाई, तळेगाव ढमढेऱ्याच्या. पलीकडं त्यांचा भाचा शंभू. शंभू म्हणजे उसाची मोळी एका हातानं ट्रॉलीत भिरकावणारा गडी!

"हां हां," म्हणून दानिएलरावांनी पाय आवळले. मग हात हलायला लागले.

"कुठलं गाव म्हणायचं?"

दौंड म्हटलं तर ही बाई खोदत खोदत चर्चपर्यंत पोचेल! "यवत," दानिएलराव म्हणाले.

"यवतला कुणाच्यातलं?"

"तसं... मी कंपनीत असतो. रांजणगावला."

"अगं बया! आमचा सार्थक तिथंच हाय की! कंच्या शिफ्टला असता?"

"सगळ्या."

वच्छलाबाईंनी कौतुकानं मान हलवली. "आन् मंडळी? न्हाई आणली?"

आणली म्हटलं तर कुठं बसलीय, माहेर कुठलं, लेकरं किती! "लग्नच केलं नाही," ते म्हणाले, आणि सुटलो असं त्यांना वाटलं.

वच्छलाबाईंनी त्यांना भांगापासून चपलेपर्यंत पाहून घेतलं. मग शंभूकडं वळून त्या कुजबुजल्या. कुजबूज चार रांगांना ऐकू गेली. "आपल्या सुषमासाठी कसं वाटत्यात रं?"

"वय झालंय, आत्या."

"पर शर्ट बघ की किती चांगला हाय!"

तेवढ्यात दिवे गेले. स्टेजवर एक बाकडं, एक लाल सिग्नल, आणि प्रतिभा. कोपऱ्यात नोएल कीबोर्डवर. प्रतिभा म्हणजे क्वायरमधला सगळ्यात गोड गळा. तिनं पहिली तान घेतली आणि हॉल गप्प झाला. तिनं वाट पाहिली, रात्री मोजल्या, गाड्या जाऊ दिल्या. मग ती उभी राहिली आणि थेट प्रेक्षकांकडं बोट करून गायली, "सांग ना, दिला होतास ना तू शब्द मला?"

दानिएलराव उठले. छाती फुगवली.

"शब्द? कसलाऽऽ शब्द? ओळखत नाही मी तुला!"

पुढच्या रांगेतल्या दोघी जणी खुर्चीसकट हलल्या.

"ओ! बसा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पिऊन आलंय का काय?"

"आवाज तरी बघा! रेडाच जणू!"

दानिएलरावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. भिंत पडत होती! ते आणखी वरच्या पट्टीत शिरले. "जा! निघून जा! तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्या!"

"तुझ्याच पायी घर सोडलं रे मी!" प्रतिभा गायली, आणि गाता गाता खरोखर रडली. पोरगी कामात पक्की होती.

वच्छलाबाई सावकाश उठल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी स्टेजकडं पाहिलं, मग शेजारी पाहिलं.

"अगं बया बया! ह्योच की त्यो!"

"कोण त्यो?" शंभूनं विचारलं.

"तिला फसवणारा! हितं बसलाय माझ्या शेजारी, तोंड वर करून!"

सगळा हॉल उठला. शंभूनं दानिएलरावांची कॉलर धरली. तिकडं प्रतिभानं ठरल्याप्रमाणं बाटली तोंडाला लावली आणि ती बाकड्यावर कोसळली. बायकांनी किंकाळी फोडली. आता दानिएलरावांनी धावत स्टेजवर जायचं होतं!

"सोडा! मला तिच्याकडं जायचंय!"

"आत्ता?" शंभू म्हणाला. "मघाशी तर वळखत न्हवतास!"

"अहो, मी नट आहे!"

"मघाशी कंपनीत होता," वच्छलाबाईंनी हॉलला माहिती पुरवली.

मागून रांगा ओलांडत, खुर्च्या पाडत हन्नाबाई धावत आल्या. "सोडा त्यांना! सोडा म्हणते ना! माझे मिस्टर आहेत ते!"

आता मात्र जी शांतता पसरली तशी शांतता सत्यजीतला अख्ख्या कोर्समध्ये मिळाली नसेल.

"मिस्टर?" वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दानिएलरावांपेक्षा खाली उतरला होता. "मला म्हणला, लग्नच केलं न्हाई!"

हन्नाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "असं म्हणालात तुम्ही?"

"अगं, ते नाटकासाठी..."

"बघा! वर नाटकं करतोय!" कुणीतरी ओरडलं, आणि हॉलनं त्याला दुजोरा दिला.

इकडं प्रतिभाची पंचाईत झाली. प्रियकर आल्याशिवाय मरता येईना! ती मान वर करून बघायची, तो शंभूच्या बगलेत दिसायचा. मग ती पुन्हा "आलास का रे" म्हणून कण्हायची, नोएल पुन्हा तेच सूर वाजवायचा, ती पुन्हा मान टाकायची. त्या एका विषानं पोरगी किती वेळा गेली ह्याचा हिशेब राहिला नाही.

"क्षमा कर मला!" शेवटी दानिएलरावांनी होते तिथूनच, शंभूच्या काखेतून पश्चात्ताप गायला सुरुवात केली.

"कुणाची मागतोस रं?" वच्छलाबाईंनी विचारलं. "हिची का तिची?"

ह्या प्रश्नाला गाण्यात उत्तर नव्हतं. शंभू आणि आणखी दोघांनी दानिएलरावांना उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. दार आतून लावलं.

वच्छलाबाई पाण्याची बाटली घेऊन थेट स्टेजवर चढल्या. "ऊठ पोरी. पाणी पी. असल्या माणसापायी जीव देतीस व्हय?"

प्रतिभानं विंगेत पाहिलं. तिथं सत्यजीत दोन्ही हातांनी दाढी धरून उभा होता. तिनं पाणी घेतलं. खरोखर तहान लागली होती! ती उठून बसली, घसा साफ केला, आणि मघाचीच चाल घेऊन गायली, "जाऽऽ, नाही मरत मी!" नोएलला पुढचे सूर माहीत नव्हते. त्यानं लग्नात वाजवायचा मार्च ठोकून दिला.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! शिट्ट्या काय, टाळ्या काय! डोळे पुसायला रुमाल पुरेनात. दानिएलरावांना ते सगळं ऐकू येत होतं. आयुष्यात इतक्या टाळ्या त्यांनी ऐकल्या नव्हत्या, पण ते होते दाराच्या ह्या बाजूला, तुटलेली बटणं चाचपत.

सत्यजीत धावत बाहेर आला आणि त्यांच्या गळ्यातच पडला. "सर! भिंत पडली!"

"हो," दानिएलराव म्हणाले. "माझ्या अंगावर."

शिरूर ते दौंड हन्नाबाई गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सुषमा कोण?"

चार दिवसांनी दुकानात फोन वाजला. पलीकडं पोपटराव म्हणून कुणी यवतचे होते. सत्यजीतनं तारखेचं बोलायला त्यांना हा नंबर दिला होता.

"सर, नाटक आमच्या गावात झालंच पायजे! मी शिरूरला होतो त्या दिशी. काय गायलीय ती पोरगी! मंडळी अजून तेच बोलत्यात!"

दानिएलरावांनी फोन कानाला घट्ट लावला. "आणि... तो पुरुषाचा आवाज? खर्जातला?"

"हां, त्याचंच सांगायचं होतं!" पोपटरावांनी आवाज खाली आणला. "त्याचं न् त्याच्या बायकोचं घरचं काय भांडण आसंल ते आसू द्या, सर. पर त्या माणसाला आमच्याकडं आत सोडू नका. चांगलं चाललेलं नाटक इस्कटलं असतं त्यानं! आम्ही दारावर दोन पोरं उभी करतो."

दानिएलरावांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा सरळ केला.

"पोरं कशाला," मग ते म्हणाले, "मीच थांबतो दारावर. माझ्या ओळखीचा आहे तो माणूस."