आंबोळीसाठी डोंबिवली

कुंदामावशींच्या मते आपल्याच पिनकोडात खाल्लेला नाश्ता हा नाश्ता नसतो, ते औषध असतं. उपाशीपोटी गोळी घेता येत नाही म्हणून पोटात ढकलायचं. खरा नाश्ता करायचा तर माणसानं निदान एक खाडी ओलांडली पाहिजे.

आम्ही घोडबंदर रोडवर राहतो. टॉवरच्या खाली उतरलं की इडली, पोहे, पराठे, सगळं मिळतं. मावशींनी त्यातलं सगळं खाऊन बघितलंय आणि सगळ्यांचा निकाल एकच लागलाय: "चालेल, पण पळणार नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीचे नवे चेअरमन, दुरुस्त केलेली लिफ्ट, माझी बायको अश्विनी हिनं हौसेनं आणलेले पडदे, सगळ्यांना हेच. पडद्यांच्या वेळी अश्विनी दार लावून माझ्यावर तडकली, "अरे, पडद्यांनी पळायचं कुठे?"

मावशी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, त्यामुळे आवाज असा की इंटरकॉमची गरज पडत नाही. त्या त्यांच्या हॉलमध्ये बोलल्या की आमच्या ओट्यापाशी ऐकू येतं. त्यांची आई होती तोवर त्या दोघी डोंबिवलीत राहायच्या. आई गेल्यावर मावशी इकडे आल्या, पण पोट मात्र तिकडेच ठेवून आल्या.

कारण डोंबिवली पश्चिमेला तात्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, मोजकी टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि आत तव्यापाशी तात्यांची बायको. इतर दिवशी तिथे चहा-भजी मिळतात. रविवारी सकाळी मात्र आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार, मऊ आंबोळी, आणि भाजलेल्या खोबऱ्याचं दाट, काळपट सांबारं. मी मूळचा नाशिकचा, मला हे प्रकरण ठाऊकही नव्हतं. आता रविवार उजाडला की मला आधी त्याचा वास येतो, मग जाग येते.

पूर्वी मावशी बस बदलत बदलत एकट्याच जायच्या. मग एका हिवाळ्यात तापानं चांगल्याच आजारी पडल्या. उठून हिंडायला लागल्यावर एका शनिवारी त्यांनी आमची बेल वाजवली.

"मंदार, तुझी गाडी उद्या काय करते?"

"काही नाही मावशी, खाली उभी असते."

"मग तिला डोंबिवली दाखवू."

तेव्हापासून हे सुरू झालं. मला वाटलं, वय झालं, बसची दगदग होत नसेल.

शनिवारी संध्याकाळी सूचना येतात. रात्री हलकं जेव. पांढरा शर्ट घालू नकोस, सांबाऱ्याचा डाग जात नाही. अश्विनीला रविवारी झोप प्यारी, ती सुरुवातीलाच या भानगडीतून सुटली. गाडीत मावशी पुढे बसतात आणि सगळा रस्ता चालवतात, मी फक्त स्टिअरिंग धरतो. एकदा कापूरबावडीला टेम्पो आडवा आलेला. मावशींनी काच खाली केली आणि नुसतं "सरका!" म्हणाल्या. टेम्पो तर सरकलाच, पलीकडची रिक्षाही सरकली. बाळकुम मागे पडून खाडीचा पूल आला की त्या पदर सारखा करतात आणि जाहीर करतात, "आता भूक लागली म्हणायला हरकत नाही."

हॉटेलात त्यांचे कायदे वेगळे. आंबोळी तव्यावरून थेट ताटात, दोन एकदम आणायच्या नाहीत. चमचा दिसला की, "आंबोळी चमच्यानं खाणाऱ्या माणसाला मी ओळख देत नाही." आणि पहिला घास नेहमी माझा. "तू सुरू कर," म्हणायचं आणि परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखं माझ्या तोंडाकडे रोखून बघत राहायचं. मी भुवया उंचावल्या, कपाळावरचा घाम पुसला, की मग त्या सावकाश घास घ्यायच्या आणि तात्यांना निकाल सांगायच्या, "पळतंय!" तात्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू दुकानावर नवी पाटी लागली.

वडीलधाऱ्या माणसाचा शिष्टाचार, दुसरं काय, असं मी धरून चाललेलो.

एका रविवारी ताटं आली आणि नेमका माझा फोन वाजला. ऑफिसचा. एरवी टेबलावर फोन मावशी चालवून घेत नाहीत, पण साहेबांचं नाव दिसलं म्हणून मी उठून दारात गेलो. मी बोलतोय, आत मावशी माझी वाट बघतायत, आंबोळी निवत चाललीय. तात्या गल्ल्यावरून उठून आले.

"काय मावशी, आज कसा झाला सांबारा?"

मावशींनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी अर्धवट पाठमोरा, कानाला फोन, घास घेतलेला नाही. त्यांनी घास घेतला आणि म्हणाल्या, "पळतंय!"

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ओरडले, "अहो तात्या, मीठ कुठाय? मीठच नाही यात!"

तात्यांनी बोट बुडवून चाखलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! मीठ घालूकच इसारली ही! वायच थांबा, बदलून देतंय." मग ते मावशींकडे वळले, जरा गोंधळूनच. "मावशी, तुमका कळला नाय?"

"मला बीपी आहे," मावशी तोडून म्हणाल्या. "मला असंच लागतं."

नवं सांबारं आलं. आम्ही खाल्लं. निकाल कुणी सांगितला नाही, तात्यांनीही विचारला नाही.

परतताना मावशींनी रस्ता चालवला नाही. मी मुद्दाम चुकीच्या लेनमध्ये शिरून बघितलं, तरी गप्प. पुलावर आल्यावर खिडकीबाहेर बघतच त्या बोलल्या.

"त्या तापानंतर चव गेली रे माझी. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आली."

मी गाडी हळू केली. "म्हणजे इतके दिवस..."

"घरी केलं, एकटीनं खाल्लं, तर नुसता चिखल गिळल्यासारखं वाटतं. आई काळ्या वाटाण्याचं सांबारं करायची, तेसुद्धा आता नीट आठवत नाही. मग तुला घेऊन जायला लागले. तू खाताना बघितलं की थोडं थोडं आठवतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा चेहरा सगळं सांगतो. घाम कुठवर आला, त्यावरून तिखट कळतं."

मी मान हलवली. गाडी चालवत होतो ते बरं होतं, समोर बघायला निमित्त होतं.

पुढच्या शनिवारी मावशींकडून सूचना आल्या नाहीत. रविवारी सकाळी मीच त्यांची बेल वाजवली. दार उघडलं ते गाऊनमध्ये, केस न विंचरलेले.

"चला, तयार व्हा. मी खाली गाडी काढतो."

"कशाला तुला त्रास? आता माहितीये ना तुला."

"मला भूक लागलीये, मावशी."

तात्यांकडे ताटं आली. मी घास घेतला, आणि त्या बघायला लागायच्या आतच बोलायला सुरुवात केली. आज खोबरं जरा जास्त भाजलंय, त्यामुळे मागे थोडा कडूपणा येतो. वाटाणा पूर्ण शिजलाय पण मोडला नाहीये. तिखट आधी कळत नाही, मग एकदम घशाशी जाऊन बसतं. आंबोळी नेहमीपेक्षा आंबट आहे, रात्री उकाडा होता ना, पीठ चांगलं फुगलं असणार. तोंडात घास असताना मी हे सगळं भराभर सांगत सुटलेलो. नाशिकचा माणूस आंबोळीवर इतका कधी बोलला नसेल.

मावशींनी डोळे मिटून एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिल्या. मग डोळे न उघडताच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश सांग रे," त्या म्हणाल्या. "आधी गिळ, मग सांग."