अभ्यासदौऱ्यातला तात्त्विक विरोध

वारसाप्रेमी मंडळाच्या अभ्यासदौऱ्याला यंदा अभूतपूर्व प्रतिसाद मिळाला. मागच्या वर्षी नुसतेच प्राचीन अवशेष होते, तेव्हा निम्मी बस रिकामी गेली. यंदा सकाळी अवशेष आणि दुपारी पारंपरिक दारूभट्टी असा कार्यक्रम जाहीर होताच बसच्या मधल्या वाटेतही खुर्च्या टाकाव्या लागल्या. समाजात इतिहासाची गोडी वाढत असल्याबद्दल अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले.

अध्यक्ष म्हणजे सर, निवृत्त मुख्याध्यापक. व्यसनमुक्तीवरचे त्यांचे भाषण साऱ्या गावाला पाठ होते. मात्र अलीकडे भाषणाच्या ऐन भरात त्यांना वाटून जाई, की आपण जिला एवढ्या शिव्या घालतो ती लागते तरी कशी?

बस सुटल्यावर सरांनी माइक घेतला. "दुपारच्या सत्राबद्दल गैरसमज नको. आपण केवळ प्रक्रिया पाहणार आहोत. तरीही कुणाचा तात्त्विक विरोध असल्यास मोकळेपणाने सांगावे."

कुणी सांगणार नाही, याची त्यांना खात्री होती. पण पुढच्या रांगेतले डॉक्टर उठले. "मी आपला बसमध्येच बसून राहीन."

डॉक्टर एकटेच सज्जन ठरताहेत हे पाहून वकील उठले. "मी तर बसमध्येही बसणार नाही. तिथवर वास येतो!" मग ज्याला त्याला चेव आला. माइक फिरून सरांकडे परतला तेव्हा अख्ख्या बसचा विरोध नोंदला गेला होता. अध्यक्षांनी मागे राहणे शोभले नसते.

"माझाही," सर म्हणाले.

खिडकीशी बसलेल्या त्यांच्या पत्नीचे मत कुणी विचारले नाही.

सहल कंपनीची गाइड नवी होती, म्हणून कर्तव्यदक्ष होती. तिला अत्यानंद झाला. "बरं झालं! भट्टीच्या घाईत अवशेषांचा मागचा भाग मला गाळावा लागणार होता." तिने तिथल्या तिथे फोन लावून भट्टी रद्द केली. बसमध्ये सुतक पसरले.

गाइडने मागचा भाग दाखवला, पुढचा दाखवला, आणि जिथे भिंत असायला हवी होती पण नव्हती, ती जागाही दाखवली. उन्हाने डोकी तापली. टेकडीपलीकडून धूर वर चढत होता आणि वाऱ्याबरोबर आंबलेल्या फळांचा वास येत होता. सगळे सभासद त्या दिशेला तोंड करून इतिहास ऐकत होते.

"चेहरा का उतरलाय?" पत्नीने विचारले.

"काळाच्या ओघाचा विचार करतोय."

"मला वाटलं, वास घेताय."

इतक्यात डॉक्टरांना एक खड्डा सापडला. गाइड म्हणाली, "धान्य साठवायचे यात."

"भट्टी नसेल कशावरून?" सरांनी खड्ड्यात वाकून विचारले.

"तसा पुरावा नाही, सर."

"पुरावा नाही, कारण तौलनिक अभ्यास नाही!"

खड्ड्याच्या काठावरच तातडीची सभा भरली. हयात असलेल्या भट्टीची पाहणी करण्यासाठी उपसमिती नेमावी, असा ठराव एकमताने संमत झाला. उपसमितीत सर्व सभासदांचा समावेश करण्यात आला.

"पण तुमचा विरोध?" गाइडने भाबडेपणाने विचारले.

"विरोध पिण्याला आहे," वकील म्हणाले. "निष्कर्षाला नाही."

भट्टीवाला म्हातारा दारातच उभा होता. गाइडने फोनवर त्याला सगळे सांगितले होते. त्याने तांब्याचे भांडे दाखवले, नळी दाखवली, नळीतून टपटपणारे थेंब दाखवले. उपसमिती प्रत्येक थेंबाबरोबर मान खाली-वर करत होती. मग त्याने ट्रे आणला. त्यात लिंबाचे सरबत होते.

"इथे येऊन न पिणारे लोक पहिल्यांदा बघतोय," तो हात जोडून म्हणाला. "मुद्दाम तुमच्यासाठी केलंय. एरवी चव घ्या म्हणून मी मागेच लागतो. पण तुम्हाला तसं म्हणणं म्हणजे अपमान."

सरांनी सरबताचा पेला ओठाला लावला. इतके कडू सरबत त्यांनी जन्मात प्यायले नव्हते.

"मला त्यातली द्या हो थोडी," त्यांची पत्नी म्हणाली. "प्यायचीय."

म्हाताऱ्याने आनंदाने पेला भरला. तिने घोट घेतला, डोळे मिटले, जराशी खोकली आणि हसली. मग उरलेली सावकाश संपवली. उपसमितीने आवंढा गिळला.

परतीच्या वाटेवर एकेक सभासद सरांकडे त्यांची पत्नीशेजारची जागा मागू लागला. प्रत्येकाला वहिनींना एकच गोष्ट विचारायची होती. ती फक्त हसत होती. घरी पोचल्यावर सरांनीही आवाज खाली आणून विचारले, "कशी होती गं?"

"तुमचा विरोध आहे ना? तात्त्विक?" ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढच्या बैठकीत मंडळाने वहिनींच्या वर्तनाचा निषेध केला आणि संशोधन अपुरे राहिल्याने तोच दौरा पुन्हा काढायचे ठरवले. बैठक संपण्याआधीच बस भरली.

ते अवशेष राजवाड्याचे होते, बाजाराचे की तुरुंगाचे, हे आजही मंडळातल्या एकालाही सांगता येत नाही. त्यांना हसू नका. वाचकहो, इथवर आलात, तुम्ही तरी कुठे विचारलेत? आता मात्र तुमची जीभ वळवळते आहे, ती कशी लागली हे विचारायला.

तिने ते अजून कुणालाच सांगितलेले नाही.