ओव्हनमधली एकदाणी

टॅक्सी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बेबीताई ओव्हनमध्ये कुकर ठेवत होत्या.

“आई, चला ना! टॅक्सी आली,” मृणालने, त्यांच्या सुनेने, बाहेरून हाक मारली.

“आली, आली. गॅस बघून राहिली मी.”

घरात गॅस नव्हताच. शेगडी विजेची होती. पण कॅनडातल्या वॉटर्लूला येऊन चार वर्षं झाली तरी घर सोडताना बेबीताई बघायच्या तो गॅसच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. त्यांनी कुकर दोन कढया आणि इडलीपात्राच्या मागे सरकवला, ओव्हनचं दार लावलं, आणि उगाचच त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

कुकरमध्ये स्टीलची डबी होती आणि डबीत एकदाणी होती. बेबीताईंच्या आईची. सोन्याच्या पातळ मण्यांची, आत लाख भरलेली, एकपदरी माळ. आईने नागपुरात आयुष्यभर विड्या वळल्या, आणि जमेल त्या वर्षी एकेक मणी केला. बेबीताईंना डोळे मिटून हाताने मणी ओळखता यायचे. हा मी चौथी पास झाले तेव्हाचा. हा नर्सिंगला नाव लागलं तेव्हाचा. हा चेपलेला, तो घरात पाणी शिरलं त्या वर्षीचा. आईने तो पत्र्याच्या पेटीखालून उकरून काढला होता. येत्या एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात नात अस्मिता पहिल्यांदाच मराठीत भाषण करणार होती. त्या दिवशी एकदाणी तिच्या गळ्यात घालायची, असं बेबीताईंनी कधीचं ठरवलं होतं.

पण त्याच हिवाळ्यात आपल्या लोकांच्या घरी चोऱ्या होऊ लागल्या. चोरांना कपाटं, गाद्या, तांदळाचे डबे सगळं पाठ होतं म्हणे. बँकेत लॉकरसाठी रांग होती. “आई, मग सोबत घे, गळ्यात घाल,” मुलगा, प्रफुल्ल, म्हणाला होता. “तिकडं युरोपात पाकीटमार आहेत नं बाप्पा!” असं म्हणून बेबीताईंनी ते उडवून लावलं होतं. कुठे ठेवली ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केलेली बाई. औषधांच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे एकालाच माहीत असावं, हा त्यांचा नियम होता.

घराची चावी तीन घरं सोडून राहणाऱ्या अरुणाकडे दिली होती. हिवाळ्यात घर बंद ठेवलं की कुणीतरी दर दोन दिवसांनी येऊन पाइप फुटले नाहीत ना ते बघून जावं लागतं, नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतात. अरुणा मूळची पुण्याची, फार टापटिपीची. तिच्या ओट्यावर कधी चमचासुद्धा पडलेला नसे. बेबीताईंना तिचं कौतुक होतं आणि थोडा धाकही.

प्रफुल्ल आणि मृणालच्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून मार्चच्या सुट्टीत ब्रूजला जायचं ठरलं होतं. बेल्जियममधलं जुनं गाव, गल्लीबोळांतून वाहणारे कालवे, त्यांच्यावर दगडी पूल आणि पाण्यात राजहंस. बेबीताई पहिला दिवस पायांनी ब्रूजमध्ये आणि डोक्याने ओव्हनमध्ये फिरल्या. सगळे घंटाघराकडे मान वर करून बघत होते, तर त्या म्हणाल्या, “आपल्या मागच्या दाराची कडी लावली होती नं रे?” लेसच्या दुकानात मृणालने रुमाल दाखवला, तर त्या म्हणाल्या, “अरुणाचा काही फोन?” चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकल्यावर सुद्धा चेहरा असा, की जणू कुणीतरी क्विनाइनची गोळी दिली आहे.

“आजी, यू आर सो रेस्टलेस,” अस्मिता म्हणाली.

“थंडी आहे नं, म्हणून,” बेबीताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं बोटीत बसली. बोट उघडी, बाकं दाटीवाटीची, आणि नावाडी एकच वाक्य चार भाषांमध्ये सांगणारा. पाण्यात उतरलेल्या विटांच्या भिंती बघून बेबीताई प्रथमच जरा विसावल्या. “आमच्या नाग नदीच्या काठानं अशी घरं असती,” त्या म्हणाल्या, “तर नाक धरून बसावं लागलं असतं.” प्रफुल्ल मनापासून हसला. आई बोलू लागली म्हणजे सुट्टी रुळावर आली.

तेवढ्यात मृणालचा फोन टिणटिणला.

“बरं झालं, अरुणाचाच मेसेज आहे. तासाभरापूर्वीचा, आत्ता येतोय. घर ठीक आहे. पाइप ठीक आहेत. आणि तिचा ओव्हन बिघडलाय ना, तर मंडळाच्या पॉटलक जेवणासाठी नानकटाई आपल्याकडे करतेय. सकाळीच विचारलं होतं तिनं, मी थम्ब्स-अप दिला.”

बेबीताई उभ्या राहिल्या.

बोट डावीकडे कलली. चाळीस माणसांनी चार भाषांत श्वास रोखला. “मॅडम, सिट! प्लीज, सिट!” नावाडी ओरडला.

“कोणत्या ओव्हनमध्ये?” बेबीताई उभ्याच.

“आपल्या. आई, बसा आधी!”

प्रफुल्लने हात धरून त्यांना खाली बसवलं. मग त्यांनी सांगितलं. हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, पण “कुकर” हा शब्द येईपर्यंत पुढची तीन बाकं वळून बघायला लागली होती.

“ओव्हनमध्ये?” प्रफुल्लचा आवाज फाटला. “आई, तू काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू मले बँकेची गोष्ट ऐकवली असती.”

“आजी, रिलॅक्स,” अस्मिता फोनमध्ये बघत म्हणाली. “गोल्ड मेल्ट्स ॲट अ थाउजंड अँड सिक्स्टी-फोर. आपला ओव्हन कान्ट इव्हन डू अ पिझ्झा प्रॉपरली.”

“सोनं नाही गं वितळत! आत लाख आहे. लाख म्हणजे मेणासारखी. ती वाहून गेली की मणी उरतात नुसते टरफल.”

यावर अस्मिताने फोन खाली ठेवला. आजीचा आवाज तिला असा कधी ऐकू आला नव्हता.

“ती दार उघडून बघेल ना आधी,” मृणाल म्हणाली.

“अरुणा? तिच्या घरी ओव्हनमध्ये फक्त ओव्हनच असतो! ती काय आपल्यासारखी आहे? बटण दाबेल अन् मोकळी होईल. किती वाजले तिथं?”

“दहा. पाच तास मागे आहेत ते.”

मृणालने अरुणाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग प्रफुल्लने अरुणाच्या नवऱ्याला, उल्हासला लावला. तो लगेच सापडला.

“बोला साहेब! कसं काय ब्रूज?”

“उल्हास, अरुणा कुठाय? फोन घेत नाहीये.”

“तुमच्याच घरी गेलीय की. फोन इथे चार्जिंगला राहिला तिचा. ऐक ना, तिला सांगू नकोस, एक सर्प्राइज आहे. आठवडा झाला, ओव्हन बिघडलाय बिघडलाय म्हणून हात लावू देत नव्हती. आज बरी घराबाहेर गेली. मी मागची सगळी पाठ खोलून बसलोय. आता एकदा जोडून—”

“डोकी खाली!” नावाडी चार भाषांत ओरडला. बोट एका बुटक्या पुलाखाली शिरली, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि फोन कट झाला.

पुलाखालून बाहेर आल्यावर प्रफुल्लचा फोन स्वतःच वाजला. वॉटर्लूतल्या घराच्या दारावर घंटी होती, घंटीत कॅमेरा होता, आणि दारात कुणी आलं की तो थेट फोनवर वर्दी द्यायचा. स्क्रीनवर एक उंच गोरी बाई दिसली, हातात पार्सल.

“प्रफुल्ल, यातून बोलता येतं नं?” बेबीताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन हिसकावून घेतला. “मॅडम! ओ मॅडम!”

ब्रूजच्या कालव्यातून निघालेला तो आवाज वॉटर्लूच्या ओसरीवर फुटला. पार्सलवाली दचकली, मागे बघितलं, मग घंटीकडे बघितलं. “हॅलो?”

“मॅडम, प्लीज! रिंग बेल! टेल अरुणा, नो ओव्हन!”

“सॉरी?”

“नो ओव्हन! गोल्ड इनसाइड! माय मदर गोल्ड! इन कुकर, इन ओव्हन!”

प्रफुल्लने कपाळावर हात मारून घेतला. वॉटर्लूतल्या एकाही चोराला जे इतके दिवस सुचलं नव्हतं, ते त्याच्या आईने भर सकाळी, भर रस्त्यावर, मोठ्या आवाजात जाहीर केलं होतं.

पार्सलवाली मात्र भली बाई होती. तिने दार ठोठावलं. दार उघडलं. दोन्ही हातांत ओव्हनचे जाड मोजे घातलेली अरुणा दारात उभी.

“हाय. द लेडी इन युअर डोअरबेल सेज देअर इज गोल्ड इन द ओव्हन,” पार्सलवाली म्हणाली, पार्सल ठेवलं, आणि जाताना जरा मागे वळून बघितलं.

अरुणा कॅमेऱ्याजवळ आली. स्क्रीनभर नुसतं तिचं नाक दिसू लागलं.

“मावशी? अहो, हळू बोला की! साऱ्या गल्लीला ऐकू जातंय!”

“अरुणा, लावला का तू ओव्हन?”

“लावला ना. पहिला घाणा झालासुद्धा.”

बेबीताईंनी डोळे मिटले. त्यांना विड्यांचं सूप घेऊन उंबऱ्यात बसलेली आई दिसली. आई नुसती बघत होती.

“पण भांडी बाहेर काढून लावला हो,” अरुणा म्हणाली. “कुकर उचलला तर आतून खुळखुळला. म्हटलं, रिकामा कुकर कधी खुळखुळतो का? झाकण उघडून नुसती डबी बघितली आणि लगेच लावून टाकलं. तुमच्या ओट्यावर कसा ठेवणार? म्हणून आमच्या घरी नेऊन ठेवला.”

“बाई गं!” बेबीताईंचा जीव इतका भांड्यात पडला की शेजारच्या डच आजोबांनी टाळी वाजवली. “तुझ्या घरी कुठं ठेवला?”

अरुणाने इकडेतिकडे बघितलं आणि मोजा तोंडाला लावून कुजबुजली. “ओव्हनमध्येच. माझ्या पाटल्यांच्या खाली.”



“म्हणजे... तुझा ओव्हन बिघडला नं?” बेबीताईंनी विचारलं.

“कुठला बिघडतोय! चोऱ्या सुरू झाल्यापासून माझे दागिने त्यातच आहेत. ह्यांना ऊठसूट पिझ्झा गरम करायची सवय, म्हणून सांगून टाकलं, बिघडलाय. आता नानकटाई करायची म्हटल्यावर तुमच्याकडे येण्यावाचून—”

“अरुणा,” प्रफुल्लने फोन परत घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “उल्हास तुझा ओव्हन रिपेअर करतोय. सर्प्राइज म्हणून.”

नाक स्क्रीनवरून नाहीसं झालं. कॅमेऱ्यात दिसली ती अरुणाची पाठ: हातात मोजे, पायांत घरातल्या सपाता, आणि बर्फाच्या ढिगांमधून तीन घरं पलीकडे निघालेली धाव. “अहोऽ! हात लावू नकाऽ!” हे बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग फक्त रिकामी ओसरी आणि पार्सल. प्रफुल्लने उल्हासला पुन्हा फोन लावला, पण ओव्हनमागे डोकं घातलेला उल्हास तो उचलेना.

बोट धक्क्याला लागली. चौघांपैकी कुणीही उरलेलं ब्रूज बघितलेलं नव्हतं.

चार दिवसांनी सगळे परत आले, तेव्हा उल्हास मान खाली घालून त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होता. हा माणूस व्यवसायाने इंजिनियर. त्याने ओव्हनची मागची बाजू पूर्ण खोलली, तपासली, सगळं ठीकठाक असल्याचं बघून चकित झाला, पुन्हा जोडली, आणि ट्रायल म्हणून साडेचारशे फॅरनहाइटवर लावून दिला. फक्त पुढचं दार उघडून बघायचं राहिलं.

“नऊच मिनिटं हो मावशी,” तो म्हणाला.

“नऊ मिनिटांत माझा नवरा पिझ्झा जाळतो,” अरुणा म्हणाली.

त्या नऊ मिनिटांत वरच्या जाळीवरचा श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा वितळून खालच्या कुकरवर ओघळला होता. डब्यात अरुणाच्या पाटल्या होत्या. आता टेबलावर जी वस्तू होती ती अशी: खाली बेबीताईंचा कुकर, वर पिवळट प्लॅस्टिकची साय, त्या सायीत रुतलेल्या चार पाटल्या, आणि या सगळ्याखाली असं घट्ट बसलेलं झाकण की ते कुणालाच निघेना. प्रफुल्लने ओढलं, उल्हासने पक्कड लावली.

“मी ग्राइंडर आणतो,” उल्हास म्हणाला.

“हात लावू नका!” दोन्ही बायका एकदम ओरडल्या.

बेबीताईंनी कुकर कानाशी धरून हलवला. डबी वाजली. पण डबीतले मणी वाजले की नाही, ते त्यांना कळेना. पुन्हा हलवला. वय झालेले कान.

“आजी, गिव्ह मी,” अस्मिता म्हणाली. तिने कुकर उचलला, मागच्या दाराने बाहेर गेली, आणि फावड्याने ओढून साठवलेल्या बर्फाच्या ढिगात तो झाकणासकट पुरला. “प्लॅस्टिक थंड झालं की ब्रिटल होतं. वेट करा.” दोन तास सगळे खिडकीत उभे राहून बर्फाच्या ढिगाकडे बघत होते. ब्रूजच्या घंटाघराकडे कुणी इतकं एकटक बघितलं नव्हतं. मग अस्मिताने लाटणं घेतलं आणि कडेकडेने हळूच टकटक केलं. प्लॅस्टिकचा कपचा उडाला. मग दुसरा. पाटल्या सुटल्या. झाकण फिरलं.

एकदाणी डबीत होती. सगळे मणी जागच्या जागी. फक्त तो पुराच्या वर्षीचा, चेपलेला मणी, त्याच्या भोकातून लाखेचा एक लाल थेंब बाहेर येऊन थिजला होता. बेबीताईंनी तो नाकाशी धरला. सराफाच्या दुकानात आईच्या मांडीवर बसल्यावर यायचा तोच वास.

“सॉरी, मावशी,” उल्हास पुटपुटला.

“जाऊ दे रे. एक पूर आधीच बघितला होता त्यानं.”

जयंतीचा कार्यक्रम एप्रिलमधल्या एका शनिवारी होता. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत बाहेर पडत होते. अस्मिता ओसरीवर भाषणाचा कागद घेऊन पुटपुटत उभी होती, गळ्यात एकदाणी. एवढ्यात तीच उंच बाई पार्सल घेऊन पायऱ्या चढली. तिने अस्मिताच्या गळ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“ओ माय गॉड! द ओव्हन गोल्ड!”

“इट्स माय ग्रेट-ग्रँडमदर्स,” अस्मिता म्हणाली, आणि मण्यावरून बोट फिरवलं. नेमकं चेपलेल्या मण्यावरून. बेबीताईंनी ते बघितलं. कित्येक आठवड्यांत प्रथमच त्यांना घराकडे मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

“ब्यूटिफुल,” पार्सलवाली म्हणाली. मग हसून तिने उघड्या दारातून आत डोकावलं. “सो, व्हॉट्स इन द ओव्हन नाऊ?”

बेबीताई झटकन दारात आडव्या आल्या. कारण उल्हास घरात असेपर्यंत आपल्या घराचा भरवसा नाही, असं म्हणून अरुणाने कालच पाटल्या आणून दिल्या होत्या. यावेळी स्टीलच्या डब्यात.

“नथिंग, मॅडम,” बेबीताई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. “ओव्हन ब्रोकन.”