येर्कू आणि ट्वे

वाचनालयाच्या खालच्या दालनात पाचला पाच कमी असताना ऐंशी माणसं बसलेली पाहून सरांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपण चुकीच्या खोलीत आलो. पण ते स्वतः तासाभरापूर्वीच मागच्या दाराने येऊन टेबलाशी बसले होते. म्हणजे चुकले असतील तर लोक चुकले असणार. आणि ऐंशी माणसं एकदम कशी चुकतील? सरांनी चष्मा पुसला.

सरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भाषांचं वेड घेतलं. वाचनालय त्यांना दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दालन फुकट देई आणि दर महिन्याला ऐकायला तीन माणसं येत. एक निवृत्त कंपाउंडर, एक उजव्या कानाने बहिरे घड्याळजी आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्या व्याख्यान चालू असताना कुणाच्या तरी परकराला दोरा घालत बसत. आजचा विषय होता आर्मेनियन आणि डच या भाषांची तुलना. त्यावर सरांची एकोणीस वर्षं गेली होती. त्यावर लिहिलेली वही घरात कुणी वाचली नव्हती. बायको सात वर्षांपूर्वी गेली, आणि होती तेव्हाही दुसऱ्या प्रकरणापुढे कधी सरकली नाही. "या दोन भाषांनी तुमचं काय घोडं मारलंय?" एवढंच एकदा तिने विचारलं होतं.

आता झालं होतं ते असं. त्याच दिवशी वरच्या दालनात एका मीटर तपासनिसांची शोकसभा होती. पाणीखात्यातले हे गृहस्थ तीस वर्षं घरोघरी फिरले होते, त्यामुळे माणसं पुष्कळ येणार हे ठरलेलं. त्यांचा फोटो, फुलं आणि आठवणीच्या चार ओळी लिहायची वही सकाळीच वर मांडून झाली होती. दुपारी लिफ्ट बंद पडली. तपासनिसांच्या बायकोचे गुडघे दुखरे, जिना चढणं अशक्य. तेव्हा वाचनालयाच्या शिपाईमामांनी स्वतःच्या अकलेने निर्णय घेतला की शोकसभा खाली आणि व्याख्यान वर. शोकसभेच्या लोकांना त्यांनी फाटकातच तसं सांगितलं. सरांच्या तिघांनाही सांगितलं. फोटो खाली आणायचा आणि सरांना वर धाडायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात लिफ्टवाला आला, मामांनी त्याच्यासाठी बॅटरी धरली, आणि मग तासभर ते लिफ्टच्या खड्ड्यातच डोकं घालून बसले.

पाच वाजले. समोर सगळे चिडीचूप. असली शांतता सरांना वर्गात कधी मिळाली नव्हती. ते उठले आणि म्हणाले, "आज आपण इतक्या मोठ्या संख्येने आलात, याचं मला आश्चर्य वाटत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल." समोरच्या रांगेतल्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी, म्हणजे तपासनिसांच्या बायकोने, मान हलवली. लोकांना वाटलं, हे तपासनिसांचे कुणी जुने स्नेही असावेत, वेळ लागेल यांना विषयावर यायला.

सर विषयावर आले. डच माणसाला प्रत्येक नामाआधी, इंग्रजीतल्या 'द'च्या जागी, 'दे' लावायचं की 'हेट' हे पाठ करावं लागतं आणि का ते विचारायची सोय नसते. आर्मेनियन माणूस तेच काम नामाच्या शेपटीला एक ध्वनी जोडून भागवतो. लोक ऐकत राहिले. बाईंचा मुलगा एकदा उठायला लागला, तर आईने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

मग सर सर्वनामांकडे वळले. "डचमध्ये तो निराळा आणि ती निराळी. आर्मेनियनमध्ये दोघांना मिळून एकच शब्द, 'ना'. तो गेला म्हणा, ती गेली म्हणा, वाक्य तेच. मागे कोण उरलं ते वाक्यावरून कळत नाही."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. त्यापाठोपाठ पाणीखात्यातल्या चार माणसांनी रुमाल काढले. सरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सर्वनामांवर कुणी रडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले, आणि ते ज्याच्यासाठी एकोणीस वर्षं थांबले होते तिथे येऊन पोचले.

"दोन या आकड्याला डचमध्ये म्हणतात 'ट्वे' आणि आर्मेनियनमध्ये 'येर्कू'. ऐकून वाटतं, यांचा एकमेकांशी काय संबंध? पण हे सख्खे भाऊ आहेत. एकाच घरातून निघाले. इतक्या दूर गेले, इतकी वर्षं बोलले नाहीत, की आज समोरासमोर उभे केले तर ओळखही पटणार नाही. पण रक्त एकच. ते काही बदलत नाही."

सगळं दालन हळूच मागे वळलं. शेवटच्या रांगेत, दाराला लागून, तपासनिसांचे धाकटे भाऊ बसले होते. भिंतीच्या एका वादावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. ते आले होते ते सभा सुरू झाल्यावर निसटायचं ठरवून. आता ऐंशी तोंडं त्यांच्याकडे पाहत होती. ते खाली मान घालून उठले, मधल्या वाटेने पुढे आले आणि वहिनीशेजारच्या खुर्चीत बसले.  वहिनींनी पर्समधून एक घडीचा रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. सरांना वाटलं, मागे नीट ऐकू येत नसेल. ते आणखी मोठ्याने बोलू लागले.

सहाला संपलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून पुढे आले, सरांचा हात दोन्ही हातांत धरून गेले. सर हरखले होते. शेवटी पांढऱ्या साडीतल्या बाई गुडघा धरत आल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात, सरांना कमीत कमी लागेल अशा बेताने, सगळं सांगितलं.

सर खुर्चीवर बसले. ओशाळून म्हणाले, "ताई, मला थांबवायचं होतं हो तुम्ही."

"दुसऱ्या मिनिटालाच माझ्या लक्षात आलं होतं, सर. पण वीस दिवस झाले, जो येतो तो मला त्यांच्याबद्दलच सांगतो. ते कसे होते ते मलाच सांगतात. आज तासभर कुणी काही सांगितलं नाही. मला जरा बसता आलं." मग दिराकडे नजर टाकून त्या म्हणाल्या, "भाऊजींना वाटतंय तुम्ही त्यांच्यासाठीच बोललात. तेवढं मात्र तसंच राहू दे."

फोटो आणायला मुलाबरोबर सर वर गेले. वरच्या दालनात तीन खुर्च्या पुढे ओढलेल्या होत्या आणि कुणी नव्हतं. फोटोतले तपासनीस पंचवीस वर्षांचे होते, चष्मा आणि भरपूर केस. वही उघडी होती. सरांनी सहज वाचली. तिघांनी तो फोटो सरांच्या तरुणपणाचा मानला होता.

घड्याळजींनी लिहिलं होतं, 'सर डाव्या बाजूला उभं राहून बोलत. माझ्यासाठी.' शिवणाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'कळलं कधी नाही, पण एकही चुकवलं नाही. आता गुरुवारी कुठे जायचं?' कंपाउंडरांनी उरलेलं पान भरून खाली सही केली होती, आणि आर्मेनियन व डच यांच्या जागी आर्मेनियन व डॅनिश असं लिहिलं होतं.

मुलाने ते पान फाडून द्यायची तयारी दाखवली. सर नको म्हणाले. पण थोड्या वेळाने स्वतःच पान नीट सोडवून त्यांनी खिशात घातलं. त्या तपासनिसांच्या वहीत दुसऱ्याचं दुःख कशाला?

घरी कुलूप काढून ते थेट फोनपाशी बसले. तिघांना आपण जिवंत असल्याचं कळवणं भाग होतं. पहिला फोन त्यांनी कंपाउंडरांना लावला आणि नाव सांगितलं. पलीकडून नाव पुन्हा विचारलं गेलं, दोनदा. सरांनी लिफ्टपासून सगळी हकिकत सांगितली. मग पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सर, बरं झालं, फार बरं झालं," कंपाउंडर म्हणाले. मग चाचरत म्हणाले, "पण आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मग मी तुमच्याबद्दल बोललो. जन्मात इतकं चांगलं मी कुणाबद्दल बोललो नव्हतो. बाई रडल्या. आता त्याचं काय करायचं?"

सरांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "विसरू नका मात्र. लागेलच."