जुलाबाच्या कारणाचा रकाना

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं, तसं कबूलही केलं होतं; पण समोरच्या प्रमिलावहिनींच्या घरी जुलाबाचा विषाणू रोटाव्हायरस स्वतः तक्रार घेऊन आला होता.

थंडीचे दिवस होते, मीही तिथेच होते. तो परातीएवढा, गोल, चाकासारखा. खुर्ची दिली तर अवघडून बसला. आठ महिन्यांच्या अन्वीला सकाळपासून सात जुलाब आणि तीन उलट्या झाल्या होत्या. वहिनींना काही सुचत नव्हतं.

"काम मी करतो आणि नाव दातांचं लागतं," तो शांतपणे म्हणाला. "गल्लीतलं हे पाचवं घर. कागदावर मी कुठेच नाही. नोंद झाल्याशिवाय मला उठता येत नाही."

घरोघरी आजारांची नोंद करणाऱ्या आशा कार्यकर्त्या शेवंताबाईंनी रजिस्टर उघडलं. "नियम बरोबर आहे. कारणाच्या रकान्यापुढे घरच्यांची सही लागते."

"मी चार पोरं वाढवली," वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या. "दात येताना पोट बिघडतंच. हा कोण टिकोजीराव सांगणारा?"

"आजी, बोट घालून बघा. एक तरी दात आलाय का?"

"येईल. तू पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा बस. आणि प्रमिला, पोरीला पाणी देऊ नकोस. दिलं की तेवढंच खाली येतं."

"मग मला काम चालू ठेवावं लागेल," तो म्हणाला, आणि अन्वीला आठवा जुलाब झाला.

वहिनींनी लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलं होतं. अन्वीचे डोळे खोल गेले होते. लग्नाला तीन वर्षं झाली, वहिनी सासूबाईंपुढे कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

"या घरात आता सून सही करणार?"

"लेकरू माझं आहे, आई."

शेवंताबाईंनी क्षारांची पुडी लिटरभर पाण्यात सोडली. वहिनी चमच्याचमच्याने पाजू लागल्या. रोटाव्हायरसने नोंद दोनदा वाचली.

"आभारी आहे. पण सुरू झालेलं काम एकदम थांबत नाही. तीन-चार दिवस जातील. तोवर पाजत राहा, अंगावरचं दूधही तोडू नका."

"हे आता तुझ्याकडून शिकायचं?" शेवंताबाई म्हणाल्या.

"मी घरोघरी जातो, ताई. दिसतं ते सांगतो."

चौथ्या दिवशी अन्वीचा लंगोट नुसत्या शूने ओला झाला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उजेडात धरून पाहिला. रोटाव्हायरस उठला आणि त्याने विचारलं, "लहान मूल आणखी कुणाकडे आहे?"

चार दिवस अबोला धरलेल्या सासूबाईंनी बोट वर केलं, थेट आमच्या दाराकडे. "समोर. सात महिन्यांचा आहे."

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या आईला सांगू नकोस, आमच्या सासूबाईंनी बोट दाखवलं ते," त्या मला म्हणाल्या. मी नाहीच सांगितलं. फक्त विचारलं, आपल्या बाळाला या जुलाबावरच्या लसीचे थेंब सगळे पाजले ना? आई म्हणाली, दोनदा पाजले, तिसऱ्या वेळी आपण गावाला होतो, म्हणजे अजून एक डोस राहिला... आले गं आई, दारातल्या पाहुण्याला खुर्ची घेऊनच येते, फक्त हे एवढं लिहून...