सुकऱ्याने आधी स्वतःला लावून पाहिलं

सूर्यमाळच्या पाड्यावर झाडपाल्याचं औषध द्यायचं ते सुकऱ्याने, आणि त्याचा नियम एकच होता. जे औषध आपण घेतलं नाही ते घरात कुणाला द्यायचं नाही. एकदा तर तो बाळंतिणीचा काढाही प्यायला होता. बायको कमू ती गोष्ट आजही नव्या सुनांना सांगते.

त्याची लेक रंजना ठाण्याला नोकरी करते. जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा म्हटलं, तिने मात्र होळीला घरी येऊन आपण मुलगी आहोत असं स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून सुकऱ्या गप्प होता. आता तिच्या धाकट्या भावाचं, दिपेशचं लग्न आलं होतं आणि रंजनाला करवली व्हायचं होतं. सुकऱ्या बोलल्याशिवाय पाडा मानणार नव्हता.

डॉक्टरांनी तिच्याशी बोलून तिला अंगात बाईपण आणणाऱ्या औषधाची पट्टी सुरू केली होती. लग्नासाठी आली त्या पहिल्या रात्री तिने बापासमोर डबी उघडली आणि पट्टी कातडीवर चिकटवायची, औषध आतून आपोआप जातं, असं समजावलं. सुकऱ्याने पट्टी उजेडात धरली. कडवट नाही, वास नाही, वाटायला नको. त्याचा विश्वासच बसेना.

सकाळी डबीत एक पट्टी कमी निघाली. ती सुकऱ्याच्या पोटावर होती.

"बा, काय केलंस हे?"

"मी घेतल्याबिगर घरात औषध येत नाय."

रंजनाने घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी ती काढून टाका, एका पट्टीने काही होणार नाही, पण दुसऱ्याचं औषध लावायचं नसतं. पट्टी निघाली. तोवर कमू विहिरीवर पोचली होती, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर पाणी कमी आणि वेळ फार. संध्याकाळी सुकऱ्याचं काय होतंय ते बघायला अंगण भरलं. म्हातारा भिका तर त्याच्या मिशीवरून नजर काढेना.

सुकऱ्याही अधूनमधून मिशी चाचपत होता. शेवटी त्याने विचारलं, "कळायला किती दिस लागतात?"

"महिने लागतात, बा. काही गोष्टींना वर्षं."

सुकऱ्याचं औषध सकाळपर्यंत लागू पडलं नाही तर लोक त्याला हसत. इतकी वाट कोण बघतं? मग पट्टीच का घेतलीस, म्हणून त्याने विचारलं आणि रंजना सांगत गेली. गोळी स्वस्त, पण रक्ताची गुठळी होण्याची भीती पट्टीपेक्षा जास्त. जेल चोळून सुकेपर्यंत लेकराला उचलायचं नाही, नाहीतर औषध त्याला लागतं. इंजेक्शनला, गावी असलं की, दरवेळी जव्हार गाठायचं, आणि जीप मिळाली तर मिळाली. पट्टी घामाने निघते, एवढंच. पुरुषपणाचा जोर कमी करणारी आणखी एक गोळी असते, तिने तहान लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं.

"आपल्याकडे ती नको," विहिरीवरून आलेली कमू लगेच म्हणाली.

सुकऱ्या बोटांवर मोजत गेला. वर रक्त तपासायचं, प्रमाण चुकलं तर बदलायचं, आणि एवढं सगळं एकटीने, परक्या शहरात. आयुष्यभर औषधं दिलेल्या सुकऱ्याने इतक्या विचाराने औषध घेणारं माणूस पाहिलं नव्हतं.

भिकाला मात्र राहवेना. "मग सुकऱ्या, तुला काय झाला का नाय?"

"झाला ना," सुकऱ्या म्हणाला. "पोरीचा बाप झालो. कमू, करवलीचं लुगडं काढ."